घोळणा

'घोळणा फुटणे' हा शब्दप्रयोग आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सूरपारंब्या खेळताना एखाद्याच्या नाकातून रक्ताची धार लागली की बाकीची पोरे ओरडत, "आरं, ह्येचा घोळणा फुटला!" मग कोणी त्याला आडावर नेऊन डोक्यावर गार पाण्याची कळशी ओतीत असे, कोणी कांदा फोडून नाकाशी धरीत असे, आणि घटकाभराने तेच पोर पुन्हा झाडावर चढलेले दिसे. घोळण्याचे भय असे कोणाला वाटतच नसे. मलाही वाटत नव्हते. परंतु गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझ्या वडिलांचा घोळणा फुटला; एकदा नव्हे, महिन्याभरात नऊ वेळा! तेव्हापासून हा शब्द उच्चारताना मी थोडा थबकतो. त्याच एका महिन्याची ही हकीकत आहे.

आम्ही भूम तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. म्हणून घरोघरी दुभती जनावरे आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. आमच्याकडचा खवा पुण्या-मुंबईपर्यंत जातो, आणि कुंथलगिरीचा पेढा चाखला नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) वीस-बावीस वर्षांपासून गावातल्या एका भट्टीवर कामाला आहेत. सकाळी दूध आले की कढई जाळावर चढते आणि मग हात थांबवायचा नाही. हात थांबला की दूध करपले. पाच लिटर दूध आटवावे तेव्हा कुठे किलोभर खवा हाती लागतो. उरलेले सारे पाणी वाफ होऊन अण्णांच्या तोंडावरून वर जाते. खाली लाकडांचा धूर, वर पत्रा, बाहेर आमच्या बालाघाटच्या माळावरचे ऊन. अशा जागी त्यांचे निम्मे आयुष्य गेले.

आणि त्याच अण्णांना २०१७ साली शुगर निघाली. पायाला लागलेली साधी ठेच महिनाभर भरेना म्हणून तपासले, तेव्हा कळले. लोक थट्टा करीत, "खव्याचा वास घिऊन घिऊन शुगर झाली बघा!" खव्यात साखर नसते, ती पेढा करताना पडते, हे लोकांना कोण सांगणार? पुढे २०२२ मध्ये त्यांच्या छातीत कळ आली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून हृदयाच्या नळीत जाळी बसवली गेली, आणि गोळ्यांच्या पिशवीत आणखी दोन-तीन पाकिटांची भर पडली. आईला वाचता येत नाही. ती गोळ्या रंगावरून ओळखते: सकाळची 'पांढरी मोठी', दुपारची 'गुलाबी', रात्रीची 'बारकी पिवळी'. अण्णांना सही येते, तेवढीच. त्यामुळे पाकिटावरचे इंग्रजी वाचणारा घरात मी एकटा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलाही मी पहिलाच. या दोन गोष्टींचा मला किती अभिमान होता, आणि त्या अभिमानाने मी काय करून बसलो, तेच मुख्यतः सांगायचे आहे.

पहिला घोळणा फुटला तो भट्टीवरच. अण्णांनी उपरण्याने नाक पुसले आणि काम चालू ठेवले. दुसरा-तिसरा घरी फुटला. आजीने दूर्वा वाटून त्यांचा रस नाकात सोडला, डोक्यावर पाणी मारले, आणि अण्णांची मान मागे करून त्यांना आडवे निजवले. शेजारपाजारच्यांनी आपापली कारणे सांगितली. कोणी म्हणाले उष्णता, कोणी म्हणाले गोळ्या गरम पडल्या. एका शहाण्याने तर "रक्तातली जास्तीची साखर नाकावाटे बाहेर पडायलीय, पडू द्या" असाही सल्ला दिला. अण्णा स्वतः म्हणत, "काय न्हाई रं, उष्णता हाय. पाऊस पडला की थांबंल."

पण आई मात्र गप्प झाली होती. ती का गप्प आहे, हे मला ठाऊक होते. तिच्या डोळ्यांपुढे तिचा भाऊ होता.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे मामा दवाखान्यातून बरे होऊन घरी आले. त्यांनाही शुगर होती. आठ-दहा दिवसांनी त्यांची एक नाकपुडी चोंदली, गाल जड झाला आणि नाकातून काळपट रक्त येऊ लागले. आम्ही सगळे म्हणालो, कोरोनाच्या औषधांची उष्णता असेल. गुलकंद दिला, वाळ्याचे पाणी दिले. असे पाच-सहा दिवस गेले. मग डोळा सुजला, आणि तेव्हा कुठे गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. ती काळी बुरशी होती. डॉक्टर तिला म्युकरमायकोसिस म्हणतात. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात, सगळीकडेच असते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करीत नाही. पण ज्याच्या रक्तात साखर फार वाढलेली आहे, त्यातून ज्याला स्टिरॉइडची औषधे द्यावी लागली आहेत, त्याच्या नाकात ती रुजते आणि तेथून डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत जाते. त्या मे महिन्यात या रोगाचे इतके रुग्ण निघाले की केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद साथरोग कायद्याखाली करायला सांगितले होते. तिच्यावरच्या इंजेक्शनासाठी लोक गावोगाव फोन करीत होते. मामांचा एक डोळा काढला. तरी ते वाचले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. दोष द्यायचाच तर त्या पाच-सहा दिवसांना द्यावा लागेल, आणि ते दिवस आम्हीच घरी घालवले होते.

म्हणून अण्णांच्या चौथ्या घोळण्याच्या वेळी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादाचं बी असंच झालं हुतं. तू शिकलास न्हवं? मग बघ की काय झालंय त्येंला."

'तू शिकलास न्हवं?' या तीन शब्दांचे ओझे काय असते ते, मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरात तुम्हीच पहिले कॉलेजात आला आहात त्यांना वेगळे सांगायला नको. आपण इतिहास शिकतो की मराठी, याच्याशी घरच्यांना कर्तव्य नसते. शिकलेला माणूस म्हणजे त्याला तलाठ्याचा कागद कळला पाहिजे, बँकेचा फॉर्म कळला पाहिजे आणि रोगाचे कारणही कळले पाहिजे. "मला माहीत नाही" असे म्हणायची मला लाज वाटली. मी गोळ्यांची पिशवी ओतली, पाकिटांवरची नावे मोबाईलवर शोधली, आणि अर्ध्या तासात मला कारण सापडले. त्यांतली एक गोळी रक्त पातळ ठेवणारी होती. रक्त पातळ, म्हणून नाकातून रक्त! मला आपल्या हुशारीचे कौतुक वाटले. मी ते पाकीट उचलून वरच्या फळीवर ठेवले आणि आईला ऐटीत सांगितले, "ही बारकी पिवळी बंद कर."

आठ दिवस ती गोळी बंद राहिली. त्या आठ दिवसांतही घोळणा तीनदा फुटलाच. तिसऱ्यांदा फुटला तो रात्री दोनच्या सुमारास. आम्ही नेहमीप्रमाणे अण्णांची मान मागे केली, उताणे निजवले. थोड्या वेळाने त्यांना मळमळले आणि भडाभडा रक्ताची उलटी झाली. आईने हंबरडा फोडला. पहाटे पहिल्या गाडीने आम्ही बार्शी गाठली. आमच्या तालुक्याला मोठ्या दुखण्याला बार्शीच जवळ पडते. माझी चाचणी परीक्षा त्या दिवशी होती. ती बुडाली, ते असो.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी उजेड पाडून नाकात पाहिले, गाल दाबून पाहिला, डोळे तपासले, तोंड उघडून टाळू पाहिली. मग आईकडे वळून म्हणाल्या, "काळी बुरशी नाही." त्यांनी न विचारताच आईची भीती ओळखली होती, २०२१ नंतर आमच्या भागातल्या बायका कशाला भितात हे त्यांना माहीत असणार. आई मटकन खाली बसली.

नंतर बाई मला म्हणाल्या, "शिकतोस ना? मग वही काढ."

त्यांनी सांगितलेले मी लिहून घेतले, ते असे. नाकाच्या मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते. तिथली त्वचा पातळ, आणि हवेचा मारा पहिल्यांदा तिच्यावरच. बहुतेक घोळणे तिथूनच फुटतात. अण्णांचाही तिथूनच फुटत होता. उलटीतले रक्त पोटातले नव्हते. आम्हीच मान मागे करून नाकातले रक्त घशात उतरवले होते, तेच पोटात साचून बाहेर पडले. बसवावे, मान पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटे अजिबात न सोडता दाबावा, तोंडाने श्वास घ्यावा, तोंडात येईल ते रक्त गिळू नये, थुंकावे. वीस-तीस मिनिटांत थांबले नाही, किंवा पुढून थोडे आणि घशात जास्त उतरू लागले, तर दवाखाना गाठावा. इतके साधे! आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माणसाला उताणे पाडीत आलो.

"पण हे शुगरमुळंच ना?" मी विचारले.

बाई म्हणाल्या, "साखर काही थेट नाक फोडीत नाही. साखरेची सोबत फोडते."

ती सोबत त्यांनी एकेक करून मोजून दाखवली. साखर वाढली की लघवी वारंवार होते, अंगातले पाणी कमी पडते आणि तोंडाबरोबर नाकही आतून कोरडे पडते. कोरड्या त्वचेला भेगा जातात, खपल्या धरतात. वाढलेल्या साखरेने बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे कमजोर होत जातात आणि जखम लवकर भरत नाही. अण्णांच्या पायाची ठेच भरली नव्हती तशी नाकातली भेगही भरत नाही, आणि खपली निघाली की पुन्हा तिथूनच रक्त. शुगरच्या पुष्कळ माणसांना रक्तदाबही असतो. दाबामुळे घोळणा फुटतोच असे नव्हे, पण फुटलेला लवकर आवरत नाही. अण्णांचा दाब त्या दिवशी १८०/११० भरला. तो वाढलेला आहे हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हते. जुन्या शुगरने मूत्रपिंडे थकली तर रक्त गोठवणाऱ्या पेशींचे कामही बिघडते, म्हणून त्याचीही तपासणी झाली. आणि या सगळ्यावर आमच्या भट्टीचा धूर, आच आणि मार्च महिन्याची कोरडी हवा. नाकात काजळी साचते, खपली होते, माणूस बोट घालून ती काढतो. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. ते रोज तेच करीत.

मग बाईंनी गोळ्यांची पिशवी मागितली. मी अभिमानाने माझा शोध सांगितला : रक्त पातळ करणारी गोळी मी आठ दिवसांपूर्वीच बंद केली आहे. बाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "कुणाला विचारून?"

मी काय उत्तर देणार?

"ही गोळी जाळीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यानं नाकातलं रक्त थोडं जास्त वेळ वाहतं, हे खरं. पण ही बंद करून तू नाक वाचवशील आणि वडील घालवशील. कमी करायची की नाही ते हृदयाचे डॉक्टर बघतील. तू नाही."

त्यानंतर त्यांनी अण्णांना विचारले, "आणखी कुठली गोळी घेता? दुकानातून आणून?" अण्णा आधी नाही म्हणाले; मग चाचरत म्हणाले की दिवसभर उभे राहून गुडघे फार दुखतात, म्हणून औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणून रोज एक-दोन खातात. ती गोळी आमच्या पिशवीत नव्हतीच. ती अण्णांच्या बंडीच्या खिशात होती. तसल्या दुखण्याच्या गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या तर रक्त वाहण्याचा धोका पुष्कळ वाढतो, आणि शुगरवाल्याच्या मूत्रपिंडालाही त्या वाईट. म्हणजे जी गोळी चालू ठेवायची ती मी बंद केली होती, आणि जी बंद करायची ती खिशात सुखाने नांदत होती! मोबाईलने मला पाकिटावरच्या नावाचा अर्थ सांगितला. खिशात काय आहे ते त्याला काय ठाऊक? ते माणसाला विचारावे लागते. आणि मी माझ्या वडिलांना काही विचारलेच नव्हते.

बाईंनी नाकातली ती जागा औषध लावून बंद केली. दाबाची गोळी सुरू झाली, साखरेची बदलली, गुडघ्यासाठी दुसरी साधी गोळी मिळाली. नाकात सोडायला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि झोपताना आतून हलके लावायला व्हॅसलीन. पिवळी गोळी त्याच दिवशी, हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर विचारून, पुन्हा चालू केली. परतताना एस.टी.त अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. येरमाळ्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा एवढेच म्हणाले, "तू माझ्यासाठीच केलास रं. पर मला इचारायचं हुतं की." त्या आठ दिवसांत काही भलतेसलते घडले असते तर, हा विचार अजूनही रात्री कधी मनात आला की मी उठून बसतो.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नवी रीत आली. भिंतीवरच्या कालनिर्णयाला लाल पेन्सिल बांधून ठेवली आहे. घोळणा फुटला की अण्णा त्या तारखेवर एक रेघ मारतात. रक्त बराच वेळ वाहिले तर दोन रेघा. लिहिता येत नसले तरी रेघ मारता येते. शनिवारी मी घरी गेलो की त्या दिवशी काय काय झाले ते अण्णांना विचारतो आणि वहीत उतरवतो : भट्टी किती वेळ होती, पाणी किती प्याले, गोळी चुकली का, झोप झाली का. एप्रिलमध्ये दोन रेघा पडल्या. दोन्ही दिवशी लग्नसराईची मोठी ऑर्डर होती आणि अण्णा दिवसभर जाळापुढून हलले नव्हते. पुढच्या खेपेला बाईंनी ते कॅलेंडरचे पान नीट पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याचा मला उपयोग आहे." कॉलेजात आल्यापासून मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी! आता अण्णा नाकावर ओले फडके बांधून कढईशी उभे राहतात, आणि तासातासाने बाहेर येऊन पाणी पितात. मालकाला आधी ते पटले नाही, पण आता भट्टीवरचे आणखी दोघे तसेच करतात.

एक गोष्ट राहिली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकदा सहज शब्दकोश चाळताना मी 'घोळणा' शब्द पाहिला. मला वाटत होते की घोळणा म्हणजे नाकातून येणारे रक्त. पण तसे नाही. घोळणा म्हणजे नाकाचा पुढचा मऊ भाग. म्हणजे बाईंनी चिमटीत धरायला सांगितला, तोच! आपल्या पूर्वजांनी रक्त कुठून येते ते बरोबर पाहिले होते आणि शब्दात ठेवूनही दिले होते. आम्ही शब्द जपला, आणि त्याचा अर्थ विसरून मान मागे करीत राहिलो.

मामांच्या वेळी आम्ही "उष्णता आहे" म्हणून दिवस दवडले. अण्णांच्या वेळी मी एका गोळीवर सगळे खापर फोडून मोकळा झालो. दिसायला या दोन चुका उलट्या आहेत, पण मुळात एकच. दोन्ही वेळा आम्हांला एकच एक कारण हवे होते आणि ते झटपट हवे होते. वास्तविक अण्णांच्या नाकातून येणाऱ्या त्या रक्तात साखर होती, दाब होता, धूर होता, चैत्राचे ऊन होते, गुडघ्यांचे दुखणे होते आणि वीस वर्षांचे कष्टही होते. ते एकेक वेगळे करून पाहायला जाणता डॉक्टर लागतो, आणि त्याच्यापुढे ते सारे खरेखरे मांडायला घरातला कोणीतरी लागतो. आपल्या घरांतून ते काम आपल्याकडेच येणार आहे.

हल्ली गावातले लोक गोळ्यांची पाकिटे घेऊन माझ्याकडे येतात. "तू वाचून सांग, कुठली बंद करू?" म्हणतात. मी नाव वाचून दाखवतो, पण बंद कर असे कोणाला सांगत नाही. मी त्यांना बसवतो, वही काढतो आणि आधी विचारतो, "काका, खिशात आणखी कुठली गोळी आहे का?"

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग २